आठ पॅनलचं घडीचं कुंपण, पाच नर बदकं आणि दोन हंगाम

हे कुंपण विकलं जातं कुत्र्याच्या पिल्लांसाठी. खोक्यावर चित्रही पिल्लांचंच आहे. मी मात्र ते घेतलं नर बदकं वेगळी ठेवायला. घेण्याआधी 'बदकांना चालेल का' हे खूप शोधलं, कुठेही धड उत्तर मिळालं नाही. आता दोन हंगाम वापरून झालं आहे, म्हणून लिहिते. परसात आठ-दहा बदकं पाळणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

आधी वस्तू. लोखंडी सळ्यांचे आठ पॅनल, प्रत्येक 24 इंच रुंद आणि 30 इंच उंच, वर काळा रंग. एका पॅनलला दार, दाराला दोन कड्या. दोन पॅनल शेजारी उभे करायचे, त्यांच्या कडेच्या कड्या एकमेकींत बसवायच्या आणि वरून एक लांब सळी सोडायची, की जोड झाला. सळीचं खालचं टोक जमिनीत रुतवायचं. कुंपण उभं करायला मला एकटीला दहा मिनिटं लागतात, काढायला पाच. घडी करून भिंतीला टेकवलं की वीतभर जागा पुरते. फेब्रुवारी 2024 मध्ये पहिला संच 3,400 रुपयांना पडला, महिन्याभराने त्याच कंपनीचा दुसरा घेतला.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. मागे सुपारी-नारळाची वाडी, तिला चिऱ्याचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडाची बुटकी भिंत, विहीर आणि विहिरीला लागून चिऱ्याचीच डोण, म्हणजे पाणी साठवायची कुंडी. जून 2023 मध्ये आम्ही खाकी कॅम्पबेलची बारा पिल्लं घेतली. मूळची ही इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरची जात, खास अंड्यांसाठी तयार केलेली. खाणं नीट असेल तर वर्षाला तीनशेपर्यंत अंडी देते. पिल्लं देणारा म्हणाला, "सगळ्या माद्या आहेत वहिनी, अंडी मोजून दमाल." एवढ्याशा पिल्लात नर-मादी ओळखायला सरावाचा हात लागतो, तो मला नव्हता. मी विश्वास ठेवला.

एक पिल्लू पहिल्याच आठवड्यात गेलं. उरलेली अकरा दोनेक महिन्यांची झाली आणि आवाज फुटले. सहा जणी घसा ताणून ओरडायच्या, अगदी रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. पाचांचा आवाज मात्र सर्दीने घसा बसल्यासारखा, खरखरीत. मादी मोठ्याने ओरडते, नर घोगरा बोलतो. ऑक्टोबरात त्या पाचांच्या शेपटीवर वरच्या बाजूला वळलेली पिसं आली, मानेला तपकिरी चमक आली, चोच हिरवट झाली. मग शंकेला जागाच उरली नाही.

सहा माद्यांमागे पाच नर. या जातीत एका नरामागे निदान पाच-सहा माद्या असाव्या लागतात. नुसती खायची अंडी हवी असतील तर नर नसला तरी काही अडत नाही. मादी नराशिवायही अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. आमच्याकडे प्रत्येक नराच्या वाट्याला जेमतेम सव्वा मादी येत होती. पण थंडीभर सगळं गुण्यागोविंदाने चाललं, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही. मुलाने सगळ्यांची नावंही ठेवून टाकली: सरदार, बंड्या, फौजदार, चिंटू, भुऱ्या हे पाच जण, आणि टिकली, शेवंती, अबोली, मैना, छबी, कावेरी या सहा जणी.

जानेवारी सरता सरता चित्र पालटलं. नराच्या अंगातला जोर दिवसाच्या उजेडावर असतो. दिवस मोठा होऊ लागला की त्याची संप्रेरकं वाढतात. आमच्याकडे डिसेंबरात दिवस सुमारे 11 तासांचा आणि जूनमध्ये 13 तासांहून थोडा जास्त, म्हणजे फरक दोनच तासांचा, पण बदकाला तेवढा पुरतो. त्यात भर म्हणून खुराड्यासमोरच्या पडवीतला दिवा आम्ही रात्री दहापर्यंत चालू ठेवत होतो. तो उजेड थेट आत पडायचा. पुढे दिवा दुसऱ्या बाजूला हलवला.

नरांची नेहमीची मारामारी कशी असते ते आधी सांगते, कारण नवीन पाळणारा ती बघूनच घाबरतो. दोघे छातीला छाती लावतात, एकमेकांच्या मानेच्या बुडाशी चोचीने पीस धरतात आणि पंखांच्या थापा मारत गोल फिरतात. मिनिटभरात एक जण पाठ फिरवून पळतो. दुसरा चार पावलं मागे धावतो आणि शेपूट हलवत परत येतो. यात पडू नये. त्यांची आपसातली उतरंड यातूनच लागते आणि एकदा लागली की बरेच दिवस टिकते. मध्ये पडायचं ते रक्त दिसलं तर, हरलेल्याला पळायला वाट नसेल तर, एखाद्याला कुणी खाण्याजवळ येऊच देत नसेल तर, किंवा एकावर दोघे-तिघे तुटून पडले तर.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सातच्या सुमारास मी पंप लावायला विहिरीवर गेले. डोणीत पाणी उसळत होतं. टिकली खाली, तिच्यावर बंड्या, त्याच्यावर चढायला धडपडणारा सरदार, आणि फौजदाराने कडेने तिची मान धरलेली. तिची चोच पाण्याखाली होती. आमची डोण दोन हात खोल, कडा सरळ उभ्या, वर यायला पायरी नाही. बदकांचा जोडा पाण्यात लागतो हे खरं, पण ते ऐसपैस तळ्यात. तिथे मादी बुडी मारून निसटते. डोणीत जाणार कुठे? मी हात घालून सरदारला बाहेर टाकलं, मग बंड्याला. फौजदार मान सोडेना, त्याची चोच दोन बोटांनी उघडावी लागली.

टिकलीला पोटाशी धरलं तेव्हा तिच्या काळजाचे ठोके माझ्या बोटांना लागत होते. मानेमागे रुपयाच्या नाण्याएवढा भाग सोललेला, पिसं गेलेली, कातडी लाल आणि एका ठिकाणी फाटलेली. डावा पाय ती टेकवत नव्हती. मी तिला पदरात गुंडाळून पडवीत बसले. सासूबाई आल्या, बघून एवढंच म्हणाल्या, "अगं, चार दिवस झाले ही मागे मागे राहत होती." मीही ते पाहिलं होतं. मानेवरची विरळ पिसं दिसत होती. मला वाटलं पिसं झडत असतील. ही चूक माझी होती आणि तिची भरपाई टिकलीने केली, म्हणून सांगते: मादीच्या मानेमागची किंवा पाठीवरची पिसं विरळ दिसली की थांबू नका, त्याच दिवशी नर मोजा.

पशुवैद्यकांनी जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुवायला सांगितली आणि वर मारायला फवारा दिला. आमच्या दमट हवेत उघड्या जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात. निघताना म्हणाले, "औषध देतोय, पण नर वेगळे केले नाहीत तर पुढच्या आठवड्यात दुसरीला घेऊन याल."

वेगळे करायचे, पण कशात? वेल्डिंगवाल्याकडे चौकशी केली, तो म्हणाला पंधरा दिवस लागतील. वई घालायची तर काठ्या तोडणं, कामट्या बांधणं आणि दोन दिवसांची मजुरी, आणि आंब्याच्या मोसमाच्या तोंडावर माणूस मिळणं मुश्कील. हे कुंपण तिसऱ्या दिवशी दारात आलं. ते तीन दिवस सरदारला मांगरात, म्हणजे वाडीतल्या खोपीत, कोंडून ठेवलं होतं. या वस्तूची खरी किंमत माझ्या लेखी इथेच आहे. भांडण आज लागलेलं असतं, पंधरा दिवसांनी येणारं मजबूत कुंपण टिकलीच्या काय कामाचं?

आता जागेचं गणित. हे विकणारा सांगत नाही. आठ पॅनल गोल मांडले, चित्रात दाखवतात तसे, तर आत सुमारे 19 चौरस फूट जागा मिळते. चौकोन केला तर 16. चार नरांना ही जागा नाही, ही शिक्षा आहे. मी पहिल्या दिवशी तसंच केलं आणि आत मारामारी दुप्पट झाली, कारण हरलेल्याला पळायला कोपराही नव्हता. संध्याकाळी यांनी सुचवलं, "गडग्याचीच एक बाजू धर ना." मग गडग्याला लावून दोन पॅनल आडवे, चार पॅनल गडग्याला समांतर आणि दोन परत गडग्यापर्यंत, असं मांडलं. तेच आठ पॅनल, पण आत 32 चौरस फूट. दुसरा संच आल्यावर चार, आठ, चार असे मांडले आणि 128 चौरस फूट मिळाले. लांबी दुप्पट झाली की जागा चौपट होते. एका बदकाला उघड्यावर दहा चौरस फूट तरी हवेत, आणि भांडखोर नराला त्याहून जास्त. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: तीन-चार नर असतील तर एक संच घेऊ नका, दोन घ्या, आणि भिंत, गडगा, घराची मागची बाजू यातलं काहीतरी वापरा.

दुसरी अडचण सळ्यांमधल्या फटींची. दोन सळ्यांत साधारण सव्वा-दीड इंच अंतर आहे. पिल्लू कुत्र्याचं असेल तर ठीक, पण बदकाची चोच आणि निम्मं डोकं त्यातून सहज बाहेर येतं. आतला सरदार आणि बाहेर माद्यांबरोबर ठेवलेला भुऱ्या फटीतून एकमेकांच्या चोची धरून ओढत होते. सळीवर घासून सरदारच्या चोचीच्या बुडाला खरचटलं. आणि माद्या समोरून गेल्या की आतले चारही जण कुंपणाच्या कडेने इकडून तिकडे, तिकडून इकडे, दिवसभर. खाणं तसंच पडून.

तेव्हा कळलं, नुसतं अडवून भागत नाही, दिसता कामा नये. रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट घरात पडून होती. तिची दोन फूट रुंदीची पट्टी कापून सगळ्या पॅनलना आतून सुतळीने शिवून टाकली. बदकाच्या डोळ्याच्या उंचीपर्यंत आडोसा झाला, वरून हवा मोकळी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम खुर्ची टाकून तासभर बसले. फेऱ्या बंद झाल्या होत्या. चौघे झावळीच्या सावलीत, एक पाय पोटाशी घेऊन, चोच पाठीत खुपसून झोपले होते. त्यातलेच तिघे, ज्यांनी आठवड्यापूर्वी टिकलीला बुडवायची वेळ आणली होती. मादी समोर नसली की नर एकमेकांत बऱ्यापैकी राहतात. किरकोळ ढकलाढकली होते, पण जीव खाऊन भांडत नाहीत. नुसत्या नरांचा वेगळा कळप हा या दुखण्यावरचा सगळ्यात चांगला उपाय आहे, हे मी आता छातीठोकपणे सांगते, आणि त्यात निम्मं काम त्या शेडनेटच्या पट्टीचं आहे.

आतली मांडणीही महत्त्वाची. खाण्याची दोन घमेली दोन टोकांना ठेवली, पाण्याची दोन. एकच ठेवलं तर वरचढ नर त्यावर बसून राहतो. पाण्याचं भांडं इतकं खोल हवं की बदकाला पूर्ण डोकं बुडवता आलं पाहिजे, नाहीतर डोळे आणि नाकपुड्या चिकटतात. मध्ये दोन झावळ्या तिरक्या टेकवल्या, म्हणजे एकाच्या नजरेआड दुसऱ्याला बसता येतं. नरांना अंड्यावरच्या पक्ष्यांचं खाद्य देऊ नका, त्यात चुना (कॅल्शियम) जास्त असतो आणि नराला त्याचा अपाय होतो. आम्ही माद्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवतो, नरांना कण्या, कोंडा आणि सुका जवळा.

कुंपणातले दोष सांगायलाच हवेत. सळ्यांची खालची टोकं जमिनीत रुततात म्हणे, पण आमची जमीन जांभ्याची. वीतभर माती, खाली कातळ. सळी वाकली, आत गेली नाही. शेवटी प्रत्येक जोडाला बाहेरून एकेक चिरा लावला. हा चिरा बाहेरूनच लावायचा. मी दोन आतून ठेवले होते, तर फौजदार त्यावर चढला आणि पलीकडे उतरून सरळ माद्यांत गेला. एरवी 30 इंच उंची खाकी कॅम्पबेलला पुरते, ही जात अंगाने बेताची असली तरी उडण्यात कच्ची. मस्कोव्ही जातीची बदकं पाळत असाल तर मात्र हे घेऊ नका, ती उडून जातील. खडबडीत जमिनीवर पॅनलखाली दोन-तीन बोटं फट राहते, तिथे माती ओढून घ्यावी लागते. लहान पिल्लांना तर हे बिलकूल चालत नाही, ती सळ्यांतून सरळ बाहेर येतात.

आणि रात्रीसाठी हे कुंपण नाही, हे ठळकपणे लक्षात ठेवा. वर झाकण नाही. मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांना 30 इंच म्हणजे काहीच नाही, आणि आमच्या भागात बिबट्याही फिरतो. सूर्य मावळायच्या आत बदकं पक्क्या खुराड्यात गेलीच पाहिजेत. पण तिथे वेगळाच प्रश्न. रात्री बंद जागेतही जखमा होतात, कारण पळायला वाव नसतो. आमचं खुराडं एकच, चार फूट रुंद. त्यात मधोमध दोन पॅनल आडवे घालून शेडनेटसकट दुभाजक केला. चार फुटांत दोन पॅनल बरोब्बर बसले. हा उपयोग मी घेताना डोक्यातही धरला नव्हता आणि आज तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दोन पॅनल तिकडे गेल्यामुळे बाहेरचं कुंपण सोळाऐवजी चौदा पॅनलचं झालं, तरी चारांना ते पुरलं.

डोणीचंही सांगायचं राहिलं. तिच्यात एका टोकाला चिरे रचून तीन पायऱ्या केल्या आणि अर्ध्या भागावर फळी टाकली. आता मादी कुठल्याही क्षणी बाहेर येऊ शकते.

मग प्रश्न आला, माद्यांबरोबर कोण राहणार? माझा पहिला अंदाज साफ चुकला. मला वाटलं सरदार हाच खरा त्रासाचा, त्याला काढला की झालं. कुंपण यायच्या आधी तसं करून पाहिलं होतं. सरदार मांगरात, बाकीचे मोकळे. दोन दिवस शांतता आणि तिसऱ्या दिवशी बंड्याने सरदारची जागा घेतली, तोच जोर, तोच हट्ट. म्हणजे खोड एकट्या सरदारची नव्हती, संख्या जास्त होती. दुसऱ्या खेपेला नीट पाहणी केली. एकेका नराला एकेक दिवस माद्यांबरोबर ठेवलं आणि सकाळचा एक तास बघत बसले. बंड्या मादी खाली बसलेली नसताना मागे धावायचा आणि दमवायचा. फौजदार मान सोडायचा नाही. भुऱ्या मात्र आधी समोर जाऊन मान वरखाली करायचा, मादीने तशीच मान हलवली तरच पुढे. नाही म्हटलं की वळून चरायला लागायचा. उतरंडीत तो सगळ्यात खाली होता. मी त्यालाच ठेवला. सव्वा वर्ष झालं, सहाही जणींच्या मानेवर भरगच्च पिसं आहेत.

बाकी चौघांपैकी चिंटू गावातल्या एका काकूंकडे गेला. त्यांच्याकडे आठ माद्या आणि नर एकही नव्हता. फौजदार आणि बंड्याला आम्ही ठेवू शकत नव्हतो. मे 2024 मध्ये ते शेजाऱ्यांकडे गेले, कशासाठी गेले हे मला ठाऊक होतं आणि मीच हो म्हटलं होतं. मुलाला खोटं सांगितलं नाही. तो एक दिवस जेवला नाही. बदकं पाळायची तर जास्तीच्या नरांचं काय करायचं हे पिल्लं आणायच्या आधीच घरात बोलून घ्यावं, असं मी आता प्रत्येकाला सांगते. सरदार राहिला. तो एकटा पडू नये म्हणून सोबतीला दुसरीकडून एक म्हातारा नर आणला. बदक एकटं ठेवलं की झुरतं.

पावसाळा सरताना नरांची पिसं झडली, शेपटीवरची वळलेली पिसंही गेली आणि दोघे मवाळ झाले. ऑक्टोबर ते जानेवारी ते भुऱ्यासकट सगळ्यांबरोबर मोकळे होते. एकत्र सोडताना मात्र एकदम दार उघडायचं नाही. शेडनेट एका बाजूने वर करून आठवडाभर नुसतं एकमेकांना दिसू द्यायचं, मग संध्याकाळी, खाणं पसरून, मोकळ्या जागेत सोडायचं. वेगळे राहिलेले नर भेटले की उतरंड नव्याने लागते, एक-दोन दिवस चकमकी होतात. या फेब्रुवारीत पुन्हा पिसं वळली, भुऱ्या आणि सरदार छातीला छाती लावून उभे राहिले, आणि त्याच दुपारी मी पॅनल बाहेर काढले. या वर्षी एकही जखम झाली नाही.

कोंबड्याही बरोबर असतील तर एक धोका सांगते. माद्या कमी पडल्या की नर बदक कोंबडीवर चढतो. कोंबड्याला बाहेर येणारं लिंग नसतं, नर बदकाला असतं, आणि कोंबडीला आतून इजा होऊन ती दगावू शकते. फौजदाराने एकदा आमच्या गावठी तलंगेचा पाठलाग केला होता, तेव्हापासून हंगामात कोंबड्या आणि नर बदकं आम्ही एकत्र सोडत नाही.

कंपनीबद्दल थोडं. दुसऱ्या संचात जोडाची एक सळी कमी निघाली. फोटो पाठवला, दोन आठवड्यांनी सळी आली. तोवर जाड तार वापरली. रंग मात्र खाऱ्या हवेचा नाही. पहिल्या पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या पॅनलच्या प्रत्येक जोडावर गंज धरला, दाराची खालची कडी अडकायला लागली. घासकागद, रेडऑक्साइड आणि वर काळा ऑइलपेंट यात माझा एक अख्खा रविवार गेला. घाटावर, कोरड्या हवेत, हे बहुधा बरीच वर्षं टिकेल. किनाऱ्यावरच्या माणसाने घेतल्या घेतल्याच रंगाचा एक हात मारावा आणि पावसात आत ठेवावं. मी पाचपैकी साडेतीन गुण देते. अर्धा गंजाचा कापला, एक आतल्या जागेबद्दल काही न सांगितल्याबद्दल. पण उद्या हे चोरीला गेलं तर मी पुन्हा हेच मागवीन.

गेल्या महिन्यात एका खुडूक कोंबडीखाली बदकाची नऊ अंडी ठेवली होती. 28 व्या दिवशी सात पिल्लं निघाली, जूनचा पहिला पाऊस त्यांनी अंगावर घेतला. बाप भुऱ्या. त्यांत नर किती आणि माद्या किती हे ऑगस्टमध्ये आवाज फुटल्यावर कळेल. तोवर दुसरा संच पुसून, सळ्यांना खोबरेल लावून माळ्यावर ठेवला आहे.